बांधावरच्या मोजणीपासून जागतिक अहवालापर्यंत : जैवविविधता संवर्धनाचा परिणाम कसा तपासावा?

अनेक शेतकरी बांधावर झाडे लावतात, पिकाच्या कडेने झेंडू, मका, चवळी घेतात, रासायनिक फवारण्या कमी करतात, पक्षीथांबे उभे करतात. दोन-तीन वर्षांनी प्रश्न पडतो, की या सगळ्याचा उपयोग झाला का? बहुतेक वेळा उत्तर आठवणीवर दिले जाते. ‘हल्ली मधमाश्या बऱ्या दिसतात’ किंवा ‘पूर्वीसारखे पक्षी राहिले नाहीत’ असे आपण म्हणतो. मात्र एखादे वर्ष चांगल्या पावसाचे असले तर सगळीकडेच कीटक वाढतात. दुष्काळी वर्षात चांगले काम केलेल्या शेतातही ते कमी दिसतात. त्यामुळे केवळ आठवणीवरून कामाचे यश किंवा अपयश ठरवता येत नाही. त्यासाठी ठरलेल्या पद्धतीने मोजणी करावी लागते.

ही मोजणी शेतकऱ्याला स्वतःच्या निर्णयासाठी उपयोगी पडते. तीच नोंद गावाच्या नोंदवहीत, देशाच्या अहवालात आणि पुढे जागतिक आकड्यांतही जाऊ शकते. ही साखळी कशी चालते आणि शेतावर मोजणी कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

मोजणी करताना विचारायचे तीन प्रश्न

संवर्धनाचे काम तपासताना तीन वेगवेगळे प्रश्न असतात. ते एकमेकांत मिसळले की निष्कर्ष चुकतो.

१. काम किती झाले? उदा. बांधावर किती रोपे लावली, किती पक्षीथांबे उभारले.
२. ताण कमी झाला का? उदा. हंगामातील फवारण्या सहावरून तीनवर आल्या का, बांध जाळणे थांबले का.
३. जीव वाढले का? उदा. मित्रकीटक, मधमाश्या, गांडुळे, पक्षी यांची संख्या व प्रकार वाढले का.

योजनांच्या अहवालात पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी मिळते, कारण रोपे मोजणे सोपे असते. परंतु ५०० रोपे लावली म्हणजे संवर्धन झाले असे होत नाही. रोपे जगली का, त्यांना फुले आली का, फुलांवर मधमाश्या आल्या का, हे पाहिल्यावरच परिणाम कळतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवली तर काम कुठे अडले हेही समजते. फवारण्या कमी होऊनही मित्रकीटक वाढले नसतील, तर शेजारच्या शेतातील औषध वाऱ्याबरोबर येते का, बांधावर फुलोरा आहे का, हे तपासावे लागेल.

गिधाडांनी शिकवलेला धडा

मोजणीमुळे काय साधते, याचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण गिधाडांचे आहे. त्याचा थेट संबंध पशुपालकांशी आहे.

१९८० च्या दशकात गिधाडे इतकी होती, की ती संपतील असे कोणाला वाटले नव्हते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकातील मोजणीशी १९९० च्या दशकातील मोजणी ताडून पाहिली, तेव्हा मोठी घट लक्षात आली. ही घट एकाच ठिकाणची आहे की देशभराची, हा पुढचा प्रश्न होता. सुदैवाने १९९१ ते १९९३ या काळात देशातील अनेक रस्त्यांवरून वाहनातून जाऊन शिकारी पक्ष्यांची मोजणी झालेली होती. २००० साली त्याच मार्गांवर पुन्हा मोजणी करण्यात आली. दहा वर्षांच्या आत पांढऱ्या पाठीचे व लांब चोचीचे गिधाड ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट सुमारे ९९.९ टक्क्यांपर्यंत पोहोचली.

कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून पुढे आले. जनावरांना वेदना व सूज कमी करण्यासाठी डायक्लोफेनॅक दिले जात होते. औषध दिल्यानंतर काही दिवसांत जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होत असे. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदीची कार्यवाही केली. गिधाडांना सुरक्षित पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम उपलब्ध होते.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. बंदी केवळ कागदावर आहे की प्रत्यक्षात परिणाम होतो आहे, हे तपासण्यासाठी दोन प्रकारच्या मोजण्या चालू ठेवल्या गेल्या. मेलेल्या जनावरांच्या यकृताचे नमुने तपासले असता, बंदीनंतरच्या काही वर्षांत डायक्लोफेनॅक आढळणाऱ्या जनावरांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे ताण कमी झाला, पण संपला नाही. त्याच रस्त्यांवरील पुढच्या मोजण्यांत गिधाडांच्या घटीचा वेग मंदावल्याचे दिसले, परंतु संख्या पूर्ववत झाली नाही. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतील औषध जनावरांना दिले जात असल्याचे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये या इंजेक्शनच्या बाटलीचा आकार ३ मिलीपुरता मर्यादित करण्यात आला. गिधाडांना घातक ठरलेल्या केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक या औषधांवरही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली.

यातून शेतकऱ्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, जनावराला वेदनाशामक देताना पशुवैद्यकाकडून गिधाडांना सुरक्षित औषधच मागावे. दुसरी, १९९१ ते १९९३ ची नोंद नसती तर २००० साली तुलना करण्यासारखे काहीच हाती नसते. भरपूर दिसणाऱ्या जीवाचीही नोंद ठेवावी लागते. तो दुर्मीळ झाल्यावर मोजायला घेतले, तर सुरुवातीचा आकडा कायमचा हरवलेला असतो.

शेतावर काय व कसे मोजावे?

सगळेच जीव मोजणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. पिकाशी थेट संबंध असलेले व सहज ओळखता येणारे पाच गट पुरेसे आहेत.

*१) मित्रकीटक :* शेताचे चार कोपरे (कडेपासून थोडे आत) आणि मध्यभाग अशी ५ ठिकाणे निवडावीत. प्रत्येक ठिकाणी ४ याप्रमाणे २० झाडे पाहावीत. ढालकिडा (लेडीबर्ड बीटल) व त्याच्या अळ्या, क्रायसोपाची अंडी व अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या, कोळी, परभक्षी ढेकूण यांची संख्या लिहावी. त्याच झाडांवरील किडींचीही संख्या लिहावी. कृषी परिसंस्था विश्लेषणात साधारणपणे दोन किडींमागे एक मित्रकीटक असल्यास लगेच फवारणीची गरज नाही असे मानतात. मात्र हे प्रमाण पीक व किडीनुसार बदलते. त्यामुळे आर्थिक नुकसान पातळी आणि तज्ज्ञांचा सल्ला पाहूनच निर्णय घ्यावा.

*२) परागीभवन करणारे कीटक :* पीक किंवा बांधावरील वनस्पती फुलोऱ्यात असताना १ मीटर लांब व १ मीटर रुंद जागा निवडून १० मिनिटे शांत उभे राहावे. फुलांवर येणाऱ्या आग्या, सातेरी, फुलोरी व डंखरहित मधमाश्या, सुतार भुंगे, माश्या आणि फुलपाखरे वेगवेगळी मोजावीत. ऊन असलेली, वारा कमी असलेली सकाळ निवडावी. कांदा बीजोत्पादनात ही मोजणी विशेष उपयोगी आहे. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पक्व होतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे बी धरण्यासाठी कीटकांवर अवलंबून राहावे लागते. फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच मधमाश्या कमी आढळल्या, तर पेट्या ठेवण्याचा निर्णय वेळेत घेता येतो.

*३) गांडुळे :* पावसाळ्यात जमीन वाफशावर असताना १ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट खोल असे ३ ते ५ खड्डे घ्यावेत. माती गोणपाटावर पसरून गांडुळे मोजावीत व माती परत खड्ड्यात टाकावी. कोरड्या जमिनीत गांडुळे खोल जातात. त्यामुळे उन्हाळ्यातील आकड्याची पावसाळ्यातील आकड्याशी तुलना करू नये.

*४) पक्षी :* सूर्योदयानंतर तासाभरात बांधावर एकाच जागी १५ मिनिटे थांबावे. दिसलेल्या व आवाजावरून ओळखलेल्या पक्ष्यांची नावे आणि संख्या लिहावी. कोतवाल, वेडा राघू, गायबगळा, साळुंकी, खाटीक, नीलपंख हे कीटक खाणारे पक्षी शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत.

*५) बांधावरील वनस्पती :* बांधाचा १०० फुटांचा एकच तुकडा कायमचा ठरवावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावरील झाडे, झुडपे, वेली व गवते यांची स्थानिक नावांनी यादी करावी. फुलोऱ्यात असलेल्या वनस्पतींपुढे खूण करावी.

नोंदीचे साधे वेळापत्रक असे ठेवता येईल :

| काळ | मोजणी |
|---|---|
| पेरणीपूर्वी | बांधाचा नकाशा, फोटो, मागील हंगामातील फवारण्यांची यादी |
| जुलै-ऑगस्ट | गांडुळे, मित्रकीटक (पहिली फेरी) |
| ऑगस्ट-सप्टेंबर | बांधावरील वनस्पती, मित्रकीटक (दुसरी व तिसरी फेरी) |
| पीक फुलोऱ्यात असताना | मधमाश्या व इतर परागीभवन करणारे कीटक (किमान ३ वेळा) |
| डिसेंबर-जानेवारी | पक्षी (रब्बी हंगाम), रब्बी पिकातील मित्रकीटक |

प्रत्येक नोंदीसोबत तारीख, वेळ, हवामान, पिकाची अवस्था, शेवटच्या फवारणीची तारीख व औषध, तसेच मोजणाऱ्याचे नाव लिहावे.

तुलनेशिवाय परिणाम कळत नाही

मोजणी करूनही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. तो टाळण्यासाठी चार नियम पाळावेत.

- सुरुवातीचा आकडा : बदल करण्यापूर्वी किमान एक हंगाम मोजणी करावी.
- तुलनेचे शेत : तेच पीक, साधारण तशीच जमीन, पण नेहमीच्या पद्धतीने केलेले शेजारचे शेत निवडून तेथेही त्याच दिवशी मोजणी करावी.
- एकच पद्धत : जागा, वेळ, झाडांची संख्या व मिनिटे बदलू नयेत. शक्यतो मोजणारी व्यक्तीही तीच असावी.
- शून्यही लिहावे : काही दिसले नाही तर ‘०’ लिहावे. रिकामी जागा सोडल्यास जीव दिसला नाही की मोजणीच झाली नाही, हे नंतर कळत नाही.

एक उदाहरण पाहू. समजा, बांधावर फुलझाडे लावलेल्या शेतात २० झाडांवर सुरुवातीला ८ मित्रकीटक होते आणि दोन वर्षांनी २० झाले. म्हणजे १२ ची वाढ झाली. शेजारच्या नेहमीच्या शेतात त्याच काळात ९ वरून १७ झाले, म्हणजे तेथेही ८ ची वाढ झाली. याचा अर्थ बरीचशी वाढ अनुकूल हवामानामुळे झाली असावी. फुलझाडांचा वाटा १२ चा नसून साधारण ४ चा धरावा लागेल. तुलनेचे शेत नसते तर आपण हा फायदा तिप्पट समजलो असतो. तसेच एका जोडीवरून पक्का निष्कर्ष काढू नये. गावातील सहा जोड्यांपैकी पाच जोड्यांत असाच फरक दिसला, तर त्यावर अधिक विश्वास ठेवता येतो.

नेदरलँडमध्ये शेतकऱ्यांना निसर्गपूरक व्यवस्थापनासाठी अनुदान दिले जात होते. तेथील संशोधकांनी योजनेतील आणि योजनेबाहेरील शेतांच्या ७८ जोड्यांची तुलना करून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वनस्पती व पक्ष्यांच्या विविधतेत अपेक्षित फायदा दिसला नाही. मधमाश्या व सिरफिड माश्यांत मात्र थोडी वाढ आढळली. या अभ्यासानंतर युरोपात अशा योजनांच्या परिणामांवर मोठी चर्चा झाली. फायदा झाला नाही हे कळणेही उपयोगाचे असते, कारण त्यामुळे पुढचा पैसा व मेहनत योग्य उपायाकडे वळवता येते.

एकाच पद्धतीचे महत्त्व जर्मनीतील उदाहरणातून दिसते. तेथील क्रेफेल्ड शहरातील हौशी कीटक अभ्यासकांच्या संस्थेने १९८९ ते २०१६ या काळात ६३ संरक्षित ठिकाणी तंबूसारखे एकाच प्रकारचे सापळे लावून उडणाऱ्या कीटकांचे वजन नोंदवले. २७ वर्षांत हे वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरात कीटकांच्या घटीकडे लक्ष वेधले गेले. सापळा दरवर्षी बदलला असता तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

गाव पातळी : लोक जैवविविधता नोंदवही

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. स्थानिक लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम आहे. या नोंदवहीच्या संकल्पनेमागे ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९० च्या दशकापासूनचे काम आहे. राज्यात महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ (नागपूर) आणि देशात राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण (चेन्नई) हे काम पाहतात.

नोंदवहीत गावातील पिकांचे देशी वाण, जनावरांच्या जाती, रानभाज्या, औषधी वनस्पती, पाणवठे, देवराया यांची माहिती असते. मात्र ती एकदाच लिहून कपाटात ठेवली तर ती केवळ यादी राहते. त्यावरून बदल कळत नाही. म्हणून समितीने पुढील गोष्टी कराव्यात :

- काही मोजक्या गोष्टी निवडून दरवर्षी अद्ययावत कराव्यात. उदा. देशी वाण किती कुटुंबांनी पेरले, किती विहिरी व ओढ्यांना कोणत्या महिन्यापर्यंत पाणी होते, ठरलेल्या ५ बांधांवरील पक्षी व वनस्पती.
- ज्येष्ठ शेतकरी, महिला, गुराखी व मेंढपाळ यांच्याकडून माहिती घ्यावी. रानभाज्या व बियाण्यांची माहिती बहुतेक घरांत महिलांकडे असते.
- दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणे, घरट्यांच्या जागा आणि पारंपरिक औषधी ज्ञान समितीच्या संमतीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नये.

राज्य व देश पातळी

गावातील नोंद देशाच्या चित्रात कशी मिसळते, याचे चांगले उदाहरण पक्ष्यांचे आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ हा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या व्यासपीठावर दिलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला असून १७८ प्रजातींना संवर्धनासाठी उच्च प्राधान्य दिले आहे. शेतशिवारात दिसणारा नीलपंख घटत असल्याचे या अहवालात नमूद आहे. मोरांची संख्या मात्र वाढलेली दिसते.

अशा नोंदी पाणवठे, जंगले व शहरांच्या आसपास अधिक होतात. पिकांच्या शेतातील, विशेषतः कोरडवाहू भागातील नोंदींची भर घालणे त्यामुळे मोलाचे ठरते. शेतकऱ्याने किंवा गावातील विद्यार्थ्याने महिन्यातून एकदा त्याच बांधावर १५ मिनिटांची पूर्ण यादी नोंदवली, तरी काही वर्षांत ती उपयुक्त माहिती बनते. ‘पूर्ण यादी’ म्हणजे केवळ आकर्षक पक्षी न निवडता ओळखलेले सर्व पक्षी लिहिणे. कावळा-चिमणी वगळली तर त्यांची घट कधीच दिसणार नाही.

जागतिक पातळी : आकडे कसे वाचावेत?

डिसेंबर २०२२ मध्ये कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक जैवविविधता आराखडा स्वीकारण्यात आला. त्यात २०३० पर्यंतची २३ लक्ष्ये आहेत. त्यापैकी सातव्या लक्ष्यात कीटकनाशकांमुळे होणारा धोका आणि वाया जाणारी अतिरिक्त अन्नद्रव्ये किमान निम्म्याने कमी करणे, तर दहाव्या लक्ष्यात शेतीखालील क्षेत्राचे शाश्वत व्यवस्थापन हे विषय आहेत. भारतानेही २०२४ मध्ये आपला सुधारित राष्ट्रीय आराखडा २३ लक्ष्यांसह सादर केला. देशांनी या लक्ष्यांच्या प्रगतीचा अहवाल द्यायचा असतो आणि तो शेवटी स्थानिक नोंदींवरच उभा राहतो.

जागतिक आकडे वाचताना मात्र काळजी घ्यावी. ‘लिव्हिंग प्लॅनेट’ अहवाल २०२४ नुसार १९७० ते २०२० या काळात नोंद ठेवलेल्या वन्यप्राण्यांच्या गटांत सरासरी ७३ टक्के घट झाली. याचा अर्थ जगातील ७३ टक्के प्राणी मेले असा नाही. एका ठिकाणचे १० प्राणी २ झाले आणि दुसऱ्या ठिकाणचे १,००० प्राणी तितकेच राहिले, तर एकूण घट १ टक्क्याहूनही कमी असते. पण दोन्ही ठिकाणच्या बदलांची सरासरी काढली तर घट निम्म्याच्या आसपास दिसते. असा आकडा धोक्याची सूचना देतो. आपल्या शिवारात काय चालले आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी आपली स्वतःची नोंदच लागते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

- क्रॉपसॅपसारख्या कीड सर्वेक्षणाची सवय गावात आहेच. शेतीशाळेच्या नोंदपत्रकात किडींबरोबर मित्रकीटकांचा रकाना कायमस्वरूपी ठेवावा.
- गावात कामाच्या व तुलनेच्या शेतांच्या किमान ५ ते ६ जोड्या निवडाव्यात.
- ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव लिहू नये. फोटो काढून ‘अनोळखी माशी १’ असे लिहावे आणि कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावे.
- हंगामाच्या शेवटी आकडे शेतकऱ्यांसमोर मांडावेत. नोंद देणाऱ्याला निष्कर्ष कळला नाही, तर पुढच्या वर्षी नोंदी बंद पडतात.
- परिणाम दिसला नाही तर तोही अहवालात लिहावा.

थोडक्यात महत्त्वाचे

- लावलेली रोपे व उभारलेले पक्षीथांबे मोजणे म्हणजे काम मोजणे. जीव वाढले का, हे वेगळे तपासावे.
- बदलापूर्वीची नोंद आणि शेजारचे तुलनेचे शेत असल्याशिवाय परिणाम सांगता येत नाही.
- जागा, वेळ व पद्धत तीच ठेवावी, शून्यही लिहावे.
- किमान तीन वर्षे नोंदी ठेवाव्यात. एका हंगामावरून निष्कर्ष काढू नये.
- आज सहज दिसणाऱ्या जीवांचीही नोंद करावी. येत्या हंगामात पेरणीपूर्वी एक वही, एक बांध आणि तुलनेचे एक शेत ठरवून सुरुवात करावी.